शनिवारी फिरणारी पाटी

राजेंद्रमामांचा एक सिद्धांत होता: रस्ता चुकतो तो शेजारी बसलेल्यामुळे, चालवणाऱ्यामुळे कधीच नाही. देहूरोडच्या डेपोतून निवृत्त होऊन त्यांनी गाडी घेतली, तेव्हापासून ते आपल्या भाचीला, पुण्यातल्या खासगी गुप्तहेर माधवीला, हौसेने कामावर पोचवत. आजचं काम तर निव्वळ सहल होती. कामशेत मागे पडलं, डोंगर जवळ आले आणि मामा गाऊ लागले.

खिंड ओलांडताच मोबाईलची रेंज गेली. तिठ्यावर दोन लॉजची नावं असलेली पाटी होती. त्यातलं ‘दरीकाठ’ वाचून मामा बाणाप्रमाणे डावीकडे वळले. पुढे रस्ताभर काहीबाही वाळत घातलेलं होतं. चाकांखाली करकर वाजलं तसा मामांचा जीव कळवळला. दोन किलोमीटरवर रस्ता धरणाच्या भिंतीशी संपला, आणि तिथे बांधावर एक म्हातारबुवा बसले होते. मामांनी काच खाली केली, तोंड उघडायच्या आत बुवा म्हणाले, "लॉजला ना? मागं फिरवा. आन् कडंनं नका जाऊ, मधनं जावा."

"किती सज्जन माणूस!" मामा म्हणाले. माधवीने मात्र खाली उतरून चाकापाशी काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं.

ते तिठ्यावर परतले तेव्हा माधवीला बोलावणारी ‘दरीकाठ’ची मालकीण तेजल तिथल्या चहाच्या टपरीपाशी येऊन थांबली होती. तीन आठवडे हेच चाललंय, ती म्हणाली. शनिवारी पहाटे पाटी डावीकडे फिरते, रविवारी संध्याकाळी आपोआप सरळ होते. पाहुणे तणतणत येतात, नाहीतर येतच नाहीत. आज माधवीने बघावी म्हणून तिने पाटी तशीच ठेवली होती. तिचा संशय टपरीवाल्या सरूबाईवर होता, कारण चुकलेली माणसं चहा पिणार. टपरीची जागा तेजलची, आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी करायला तिने सांगूनही टाकलं होतं.

सरूबाई गोणपाटात ग्लास बांधत होती. "बारा वर्षं हितं चा करतीय," ती म्हणाली. "चिडल्याली मानसं चा पीत न्हाईत, ताई. तरातरा निगून जात्यात. आन् मी येते नवाला, तवर पाटी फिरल्याली असती."

पाहुण्यांची वाट बघत शेजारच्या लॉजचा सुरजही तिठ्यावर उभा होता; मामांनी लगेच त्याला धरलं. धंद्यातली चढाओढ, दुसरं काय! सुरज हसला आणि पाटीवरची दुसरी ओळ दाखवली. ती त्याच्याच लॉजची होती, आणि त्याचेही पाहुणे धरणावर जाऊन येत होते. मामा खजील झाले.

"मामा, त्या धरणावरच्या आबांना घेऊन या," माधवी म्हणाली. "आणि मधनंच जा."

आबा आले. नाव रखमाजी. सरूबाईवर आलेल्या आळाची हकीगत मामांनी त्यांना वाटेतच सांगितली होती. माधवीने खिशातला हरभऱ्याचा फुटका घाटा बाकावर ठेवला.

"गाड्या थांबल्याने कोणाचा फायदा, हे आपण शोधत बसलो," ती म्हणाली. "पण फायदा गाड्या चालण्यातच होता. रस्ता पुढे बंद, म्हणजे प्रत्येक गाडी जाताना आणि येताना, दोनदा हरभऱ्यावरून जाणार. पाटी फिरते ती पर्यटक येतात त्या दोन दिवसांपुरती, आणि तीनच आठवडे, म्हणजे हरभरा काढल्यापासून. आबांनी न विचारता लॉजचं नाव काढलं, कारण तिथे कोण येणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपला माल तुडवला जाऊ नये म्हणून माणूस सांगतो, कडेनं जा. आबा म्हणाले, मधनं जा."

रखमाजींनी मान खाली घातली. "बैल न्हाईत, मळायला मानूस घावत न्हाई. गाड्या मातुर लय." मग गोणपाटाकडे बघून ते म्हणाले, "सरू, तुज्यावर आळ आला हे ठावं असतं तर पाटीला हात लावला नसता गं."

"आबा, मागायच्या होत्या की गाड्या! माझे पाहुणे हौसेनं आले असते," तेजल म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तिने गोणपाट सोडलं, ग्लास एकेक करून फळीवर मांडले आणि म्हणाली, "मावशी, चुकले मी. ही जागा तुमचीच."

सरूबाईने पदराने डोळे पुसले. मग आबांना विचारलं, अजून किती मळायचंय. निम्मं, रखमाजी म्हणाले.

मामांनी किल्ली उचलली. रखमाजी पुढे बसले, तेजल, माधवी नि सुरज मागे दाटीवाटीने. "सरका जरा," म्हणत सरूबाईही आत शिरली. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिने भर शनिवारी टपरी बंद केली होती, तीही तासाभरापुरती.