चढवायची मजुरी

ही घटना घडलेली आहे. सेरवा अजून त्याच घरात राहते. कुमासी शहरात, सुआमेच्या गॅरेजवस्तीला लागून, आंब्याचं झाड असलेलं अंगण. जाऊन विचारलंत तर ती तुम्हाला बसायला बाकडं देईल, पाणी देईल, सगळं सांगेल.

फक्त दुपारी तीनला जाऊ नका.

हो, दुपारीच. जे घडलं ते भर दुपारी घडलं. जानेवारी महिना, हरमटानचा धुळकट वारा सुटलेला. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं, असे ते दिवस.

सेरवाच्या सासऱ्यांची एक जुनी प्यूजो ४०४ होती. एकोणीसशे अडुसष्टची. सासरे गेले आणि गाडी अंगणात धूळ खात पडली. सेरवाचा नवरा याव दूर तेमाच्या बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा घरी येणारा. त्याने ठरवलं, इंजिन नीट करून घ्यायचं आणि गाडी लग्नांना भाड्याने द्यायची.

घरात सेरवा एकटी. आणि दहा महिन्यांची न्हिरा, नुकतीच रांगायला लागलेली.

काम घेतलं मास्टर अमांक्वांनी. साठीचे फिटर. ४०४ म्हटलं की सगळी वस्ती त्यांचंच नाव घ्यायची. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि भाव सांगितला.

"उतरवायचे चारशे सेडी. चढवायचे सहाशे."

"मास्टर, इंजिन तेच, बोल्ट तेच," सेरवा म्हणाली. "मग चढवायचे दोनशे जास्त कशाचे?"

"उतरवताना त्याला बाहेर यायचंच असतं, पोरी. चढवताना समजूत काढावी लागते."

"इंजिनाची?"

"नाहीतर काय माझ्या बायकोची? तिची काढायला तर सहा हजारही पुरायचे नाहीत!"

कुंपणापलीकडून मामे फोसुआ खो खो हसली. ती शेजारीण, केंकीचे, म्हणजे मक्याच्या पिठाचे, उंडे विकायला टोपल्याशी बसलेली. तिचा एक कान कायम या अंगणात असायचा.

सेरवा मात्र हसली नाही. तिला सगळं पक्कं लागायचं. उद्या मास्टरने भाव वाढवला तर? आधी न्हिराचं औषध, मग हे... तिचं डोकं असंच चालायचं. तिने हजार सेडी मोजले आणि एकदमच पुढे केले. उतरवायचे आणि चढवायचेही. वर पावती मागितली.

मास्टरचा हात हवेतच थांबला.

"चढवायचे आत्ता नको."

"घ्या हो. माझ्या जिवाला घोर नको."

त्यांनी नोटा घेऊन दोन वेगळ्या खिशांत ठेवल्या. मग म्हणाले, "मला जरा गरज आहे, म्हणून घेतो. पण मग हे काम माझंच. कळलं ना? दुसऱ्या कुणाचं नाही."

मंगळवारी त्यांनी इंजिन उतरवलं. तीन लोखंडी नळ्यांची तिकाटी उभी केली, तिला चेन पुली टांगली. साखळीवर स्वतः मास्टर. गाडीखाली पडून इद्रिसु, दुसरा फिटर.

या कामाची एक रीत आहे. साखळी वरच्याच्या हातात असते, पण हुकूम खालच्याचा. खालून "ब्रेओ" असा आवाज आल्याशिवाय वरचा साखळी सोडत नाही. ब्रेओ म्हणजे हळू. दिवसभर अंगणात तेच चाललं होतं. "ब्रेओ... ब्रेओ..." न्हिरा चटईवर बसून टक लावून बघत होती.

इंजिन दुरुस्त होऊन आलं. जुन्या टायरवर ठेवलं, वर ताडपत्री टाकली. "सोमवारी चढवतो," मास्टर म्हणाले.

सोमवारी ते आले नाहीत.

सकाळी चहा पिता पिता गेले होते. कप हातातच.

सेरवाने चार दिवस जाऊ दिले. मग इद्रिसुला बोलावलं.

"ताई, चढवायचे पैसे देऊन झालेत म्हणे?"

"झाले. पण मी तुला वेगळे देते ना."

इद्रिसु एक पाऊल मागे सरकला. "चढवायची मजुरी आधी कुणी देतं का? इंजिन सुरू झाल्यावर देतात ती. पैसे दिलेल्या कामाला मी हात लावणार नाही. ते दुसऱ्याचं आहे."

"दुसरा गेला ना रे पण!"

"गेला, ते खरं," इद्रिसु म्हणाला. "काम राहिलंय ना त्याचं."

"शिकलेली बाई!" फोसुआ कुंपणावरून म्हणाली. "कॉलेजात पावती घ्यायला शिकवलं, पैसे कधी द्यायचे ते नाही शिकवलं. त्याच्या बायकोकडे जा आणि परत माग. पाच सेडी का असेना, परत घे. म्हणजे तो सुटेल."

तिकडच्या रीतीप्रमाणे तीन आठवड्यांनी, शनिवारी अंत्यविधी झाला. लाल-काळ्या कपड्यांची गर्दी, ढोल. सेरवा मागायला म्हणूनच गेली होती. पण समोर ती रडून सुजलेली बाई दिसली आणि तिची जीभ रेटेना.

"ते सहाशे राहू द्या," ती हळूच म्हणाली. "माझी मदत समजा."

मास्टरच्या बायकोने तिचा हात घट्ट धरला. "असं नको म्हणूस, पोरी. तू सोडलंस तरी ते सोडायचे नाहीत. कुणाचं ठेवून घ्यायचा स्वभाव नव्हता त्यांचा."

सोमवारी, दुपारी तीनला...

सेरवा कपडे वाळत घालत होती. आणि एकदम सगळं शांत झालं.

सुआमेच्या शेजारी राहणाऱ्याला शांतता माहीत नसते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हातोडे, वेल्डिंग, पत्रे. ते सगळं एकाच क्षणी थांबलं.

मग अंगणातून आवाज आला.

कट्... कट्... कट्...

चेन पुली वर चढतानाचा आवाज.

तिने वळून बघितलं. ताडपत्री खाली पडली होती. इंजिन टायरवर नव्हतं. ते गाडीच्या उघड्या तोंडावर, साखळीला टांगलेलं होतं.

साखळीपाशी कुणीच नव्हतं.

वारा नव्हता. इंजिन हलत नव्हतं. कुणाची तरी वाट बघत असावं तसं लटकून होतं.

आणि चटईवरून, तिच्या पायाशी...

"ब्रेओ," न्हिरा म्हणाली.

तोवर ती काहीच बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही. तो तिचा पहिला शब्द.

खळ्ळ... साखळी चार बोटं खाली आली.

सेरवाने पोरीला उचललं आणि घरात जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने हातोडे पुन्हा सुरू झाले. बाहेर येऊन बघते तो इंजिन टायरवर, ताडपत्री जागच्या जागी.

याव फोनवर म्हणाला, "झोप कमी होतेय तुझी." तिलाही ते पटावंसं वाटलं.

मंगळवारी पुन्हा तीनला. बुधवारी पुन्हा. दार बंद असलं की न्हिरा दारावर थापा मारायची, रडून काळीनिळी व्हायची. बुधवारी सेरवा भात उतरवायला वळली, तेवढ्यात पोरगी मागच्या दाराने बाहेर. सापडली ती गाडीच्या चाकाशी. त्याआधी ती गाडीजवळ कधी गेली नव्हती.

तेव्हा सेरवाला कळलं.

मास्टर साखळीवर होते. खालची जागा रिकामी होती. आणि खालून हुकूम आल्याशिवाय ते साखळी सोडणार नव्हते.

त्यांना खाली कुणीतरी हवं होतं. हुकूम देणारा एकच आवाज त्यांना ऐकू आला होता, न्हिराचा.

गुरुवारी ती न्हिराला घेऊन मॅम्पाँगला बहिणीकडे गेली. तिथे हातोडे नाहीत, गाडी नाही. तीन वाजले. न्हिरा खेळता खेळता थांबली. कुमासीच्या दिशेला वळली, आणि "घे मला" म्हणताना मुलं करतात तसे दोन्ही हात वर केले. बराच वेळ तशीच राहिली. रात्री तिला ताप भरला.

"देवाशप्पथ, मला भीती वाटतेय," बहीण म्हणाली. "ती गाडी भंगारात दे ना!"

"काम अर्धं असताना कशी देऊ? मास्टर तिथेही येतील. ही जिथे असेल तिथे येतील."

रविवारी सेरवा परतली. रविवारी सुआमे बंद असतं, त्यामुळे शांतता कधी पडली ते कळलंच नाही. ती फक्त आंघोळीचं पाणी ओतायला गेली होती. बादली ठेवून वळली...

चटई रिकामी.

कट्... कट्... कट्...

न्हिरा गाडीखाली होती. पालथी, मान वर करून, हसत. तिच्या डोक्यावर दीडशे किलोचं लोखंड लटकत होतं.

सेरवा ओरडली नाही. ओरडली असती तर तो हुकूम समजला गेला असता, असं तिला वाटलं. ती गुडघ्यांवर बसली, हात आत घातला, पोरीचा पाय धरला आणि ओढून घेतली. मग धावत कुंपणापाशी गेली.

"मामे, हिला धर!"

"अगं, झालं काय? तोंड असं उतरलेलं..."

"धर आणि आत जा. दार लाव. मी हाक मारेपर्यंत उघडू नकोस."

फोसुआ पहिल्यांदाच काही न बोलता आत गेली.

आता सेरवाही पळू शकत होती. पण उद्या पुन्हा तीन वाजणार होते. आणि परवाही.

ती परत आली. साखळीपाशी हवा थोडी दाट होती, उन्हात डांबरावर दिसते तशी. तिकडे न बघता ती म्हणाली,

"मास्टर, ती लहान आहे. तिला काय कळतंय? खाली मी येते."



ती पाठीवर झोपली आणि सरकत गाडीखाली गेली. वर काळं इंजिन, त्याच्या कडेने धुळकट आभाळाची एक पट्टी. 

मग ती म्हणाली,

"ब्रेओ."

खळ्ळ...

"ब्रेओ... थोडं डावीकडे, मास्टर... ब्रेओ..."

इंजिन डावीकडे सरकलं.

किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. इंजिन आपल्या रबरी पायांवर बसलं तेव्हा गाडी हलकेच खाली दबली. वरून बोल्ट आवळल्याचे आवाज येऊ लागले. खालचे बोल्ट राहिले होते. इद्रिसुने केलेलं तिने पाहिलं होतं. तिने न बघताच हात बाहेर काढला, तळवा वर...

तळव्यावर पाना ठेवला गेला.

तो गरम होता. बराच वेळ कुणाच्या मुठीत असावा तसा.

तिने बोल्ट आवळले. पाना परत पुढे केला. तो घेतला गेला.

नंतर वर एक मोठा सुस्कारा ऐकू आला. कामाहून घरी निघालेला माणूस टाकतो तसा.

सोमवारी इद्रिसु बघायला आला. नळ्या, वायरी, सगळं तपासलं. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.

"कुणी बसवलं? असा हात आता राहिला नाही सुआमेत. किती घेतले?"

"आधीच दिले होते," सेरवा म्हणाली.

इद्रिसुने गाडी बंद केली, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि चहाला न थांबता निघून गेला.

गाडी आता लग्नांना जाते. न्हिरा दोन वर्षांची झाली आहे. तिची बडबड थांबत नाही, पण तो शब्द तिने पुन्हा कधी उच्चारला नाही. तीनला शांतता पडत नाही. फोसुआ म्हणते, सुटला बिचारा.

सेरवाला तसं खात्रीने म्हणता येत नाही. तीन वाजत आले की ती अजूनही पोरीला कडेवर घेते आणि चार वाजेपर्यंत खाली ठेवत नाही. त्या वेळी कुणी आलं, तर दार उघडत नाही.

मागच्या महिन्यात न्हिराच्या वाढदिवसाचा फ्रॉक शिवायला टाकला. शिंपीण म्हणाली, "ताई, शिलाई आधी द्यावी लागेल."

सेरवाने पैसे काढले. शिंपीण पन्नाशीची असेल. चांगली हसतमुख.

ती जराशी खोकली.

सेरवाने पैसे परत पर्समध्ये ठेवले.