निळा ठिपका

चौतीस वर्षांच्या नोकरीत लिंबाजीने निदान सहा हजार पोरांना त्यांच्या आयुष्यातली पहिली पेशी दाखवली. त्यातले बरेच पुढे डॉक्टर झाले, पण एकानेही त्याला कधी ‘सर’ म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. तो कॉलेजात लॅब अटेंडंट होता. सर वेगळे असत. ते खुर्चीत बसत, आणि मायक्रोस्कोपमध्ये काही दिसेना झालं की “लिंबाजीऽ” अशी हाक मारत. लिंबाजी येऊन आरसा वळवी, चक्री केसभर फिरवी, आणि सरांना पेशी दिसे. मग सर पोरांना सांगत, “बघा, मी म्हणत होतो ना!”

लातुरात माणूस रिटायर होतो, पण त्याला घरी बसू देत नाहीत. सोमेश सरांनी आपल्या क्लासच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर छोटी लॅब काढली आणि लिंबाजीला बोलावून घेतलं. खाली झेरॉक्स आणि पोहे, पहिल्या मजल्यावर ऑफिस, तिसऱ्यावर वर्ग. समोरच्या चौकात मागच्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो, इतके मोठे की खालून जाणाऱ्या रिक्षावाल्याला प्रत्येकाच्या नाकातले केस मोजता यावेत. फोटोंच्या खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘शेवटचे १२० दिवस. स्पेशल कॅबिन बॅच.’

अकरावीची प्रॅक्टिकलं बारावीच्या जानेवारीत उरकायची, ही इथली रीत. त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे गालाच्या पेशी. काडीने गाल आतून हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पुसायचा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप. मग खाली पाहिलं की वेड्यावाकड्या शहाबादी फरशीसारख्या पेशी दिसतात, आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद निळा ठिपका.

“हे केंद्रक,” लिंबाजी पोरांना सांगे. “घरातला कर्ता माणूस. कवा काय करायचं, मोडलं तर कसं सांधायचं, समदं ह्याच्यापाशी लिहून ठिवलेलं हाय. बाहेरचं पटल म्हंजे दारात बसल्याली म्हातारी. कुणाला आत घ्यायचं अन् कुणाला न्हाई, ते ती ठरविती. बाकीचे नुसते राबणारे.”

आता खरी गोष्ट अशी की पोरींना चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटायची आणि पोरांना कुठली तरी टेस्ट गाठायची असायची. मग लिंबाजी म्हणे, “ठिव ती काडी. म्या देतो माझा गाल.” आणि तो आपलाच गाल खरवडून स्लाइड लावी. अर्ध्या मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या जर्नलात लिंबाजीच्या गालाचं चित्र आहे. पेशींच्या कडेला सुपारीचे तपकिरी कण दिसले की तो मनाशी म्हणे, ही आपली सही.

तर त्या जानेवारीत सोमेश सरांनी चौथ्या मजल्यावरच्या प्लायवूडच्या कॅबिनी पुन्हा उघडल्या. निवडक पोरं. राहणं, जेवण, अभ्यास तिथेच. पहिल्या दहांत देगलूरचा सत्यम होता. हा लिंबाजीला ‘ताता’ म्हणायचा, कारण त्याच्या आईकडचे तेलुगू लोक आजोबांना तसंच म्हणत. डिसेंबरातच हौसेने लॅबमध्ये येऊन, स्वतःची स्लाइड पाहून त्याने विचारलं होतं, “ताता, ह्यात माझ्या बापाचं डोकं किती अन् माझं किती?” त्याच्या पेशी इतक्या नीट उमटल्या होत्या की लिंबाजीने ती स्लाइड डबीत ठेवून दिली होती.

कॅबिनची दहा पोरं महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी प्रॅक्टिकलला खाली आली. रांगेत आली, हेच पहिलं नवल. सत्यमने न सांगता गाल खरवडला आणि काडी पुढे केली.

“काय रे, आज जोक न्हाई?”

“नाही, सर,” सत्यम म्हणाला.

लिंबाजीला आधी गुदगुल्या झाल्या. चौतीस वर्षांनी का होईना! मग त्याने डोळा लावला.

पेशी होत्या. कडा साफ, रंग फिकट निळा. मध्ये काही नव्हतं.

त्याने चक्री फिरवली. मोठं भिंग लावलं. एकेक पेशी सरकवत पाहिली. प्रत्येकीत, जिथे ठिपका हवा, तिथे स्वच्छ उजेड होता. सामान हलवून घर झाडून ठेवावं तसा.

लिंबाजीच्या घरात भूत, भानामती, लिंबू-मिरची यांना त्याच्या बापापासून बंदी होती. त्याने दोष रंगाला दिला. नवी बाटली फोडली. मग दोष पाण्याला दिला, कारण लातुरात कुठलाही दोष शेवटी पाण्यालाच देतात, आणि टँकरचं पाणी सोडून मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं. आपला गाल खरवडून पाहिला: ठिपके जागच्या जागी, कडेला सुपारी. खालच्या साध्या बॅचमधल्या चार पोरांचे पाहिले: सगळं ठीक. कॅबिनच्या दहाच्या दहा पोरांच्या पेशी मात्र रिकाम्या.

तो सोमेश सरांकडे गेला. सर पन्नाशीचे, गोड बोलणारे, टेबलावर कायम शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

“तुमचा स्टेन जुना झाला असेल, लिंबाजी.”

“नवा फोडला, सर.”

“मग पोरं थकली असतील.”

“थकल्यावर केंद्रक जातं व्हय, सर?”

सर हसले. त्यांनी डबा पुढे केला. “रक्तातल्या लाल पेशीला तरी कुठं असतं? टाकून देते ती. म्हणून तर तिच्यात जागा होते, म्हणून तर ती जास्त ओझं वाहते. किती सुंदर सोय आहे बघा.” हे ते इतक्या मायेने म्हणाले की लिंबाजीने लाडू घेतला.

“पर सर, ती एकशेवीस दिवसांत मरती. मोडलं तर सांधाया आत कुणीच नसतंय.”

सरांनी खिडकीतून चौकातल्या फोटोंकडे पाहिलं.

“परीक्षा त्याच्या आत आहे,” ते म्हणाले.

लिंबाजी दारापर्यंत गेला आणि परत फिरला. “सर, मागच्या सालच्या स्पेशल बॅचची जर्नलं माझ्या कपाटात तशीच पडून हायत. चाळीस. कुणीच न्यायला आलं न्हाई. पेढं घिऊन तरी कुणी आलं व्हतं का?”

“निकाल लागला ना, लिंबाजी,” सर म्हणाले, आणि डब्याला झाकण लावलं.

सगळा विषय इथेच संपला असता. म्हाताऱ्या अटेंडंटची कुरकुर म्हणून लिंबाजीने स्वतःच तो मिटवला असता. पण त्याची नात लुंबिनी खालच्या साध्या बॅचमध्ये होती.

लुंबिनीचा बाप कंधार डेपोत एसटी चालवायचा. पोरगी दोन वर्षं आजी-आजोबांकडे होती. भांडखोर. सरजाबाईने भाकरी टाकली की करपलेला पापुद्रा मलाच, म्हणून रोज तंटा. वाचताना पेन्सिल दातांत धरून गुणगुणायची, आणि आजोबांना “आबा, तुम्हीच ही परीक्षा दिली असती तर झाला असता की डॉक्टर!” असं पेपर लिहून आलेल्या दिवशी हटकून म्हणायची. कॅबिनच्या दुसऱ्या, तीस जणांच्या यादीत तिचं नाव लागलं तेव्हा ती जिन्यावरून ओरडतच खाली आली.

“आबा, कॅबिन मिळाली म्हंजे नंबर लागला. तीन दिवस डेमो हाय. मग तुमची सही पाहिजे.”

“सही म्या स्लाइड बघून करीन,” लिंबाजी म्हणाला.

“बघा की. माझा गाल काय पळून चाललाय?”

तीन दिवस ती सकाळी चौथ्या मजल्यावर जाई आणि दिवेलागणीला घरी येई. तिसऱ्या संध्याकाळी जेवण झाल्यावर सरजाबाईने लिंबाजीला ओट्याशी बोलावलं. ताटलीत करपलेला पापुद्रा तसाच पडला होता.

“मागितला न्हाई,” सरजाबाई म्हणाली. “म्या होऊन दिला, तर बाजूला ठिवला. पोरगी बोलंनाच झालीया, ओ.”

शुक्रवारी लॅबमध्ये गर्दी होती. साध्या बॅचचे वीसजण, त्यात जर्नलं तपासायची. लुंबिनी आली ती घड्याळाकडे पाहतच. वर टेस्ट होती. खालून टँकरचा पंप धप्प, धप्प करत होता. लिंबाजीने कागदात गुंडाळलेली नवी काडी काढली, कागदावर तिचं नाव लिहिलं. तेवढ्यात दोघांनी हाका मारल्या, कुणाची तरी कव्हरस्लिप फुटली, वर घंटा झाली. लिंबाजीच्या हातांनी चौतीस वर्षांचा पाठ म्हटला: काडी, गाल, काच, थेंब.

त्याने डोळा लावला.

ठिपका होता. गडद, गोल, मधोमध. शेजारणीतही होता. तिच्या शेजारणीतही.

लिंबाजीचा चष्मा ओला झाला, त्यामुळे बाकीचं त्याला काही दिसलं नाही आणि बघायचंही नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं आणि संमतीपत्रावर सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. लुंबिनीने कागद घेतला आणि ती गेली. त्याच रात्रीपासून ती वर राहायला लागली.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये कुणी नव्हतं. लिंबाजीने स्लाइडी धुवायला काढल्या. लुंबिनीची हातात आल्यावर त्याला वाटलं, ही धुवायची नाही. सत्यमच्या जुन्या स्लाइडीशेजारी ठेवू. ठेवण्याआधी एकदा निवांत पाहू, नातीचं घर.

ठिपके होते.

आणि कडेला तपकिरी कण होते.

लुंबिनी सुपारी खात नव्हती. घरात एकटा तोच खायचा.

त्याने टेबलाखालची कचऱ्याची टोपली उलटी केली. कागद सापडला. वर त्याच्या अक्षरात ‘लुंबिनी’. आत काडी, कोरडी, दोन्ही टोकं टोकदार, कुणाच्याही तोंडात न गेलेली. कुणीतरी घाईत आहे म्हटल्यावर हातांनी नेहमीचंच केलं होतं. म्या देतो माझा गाल.

तीच काडी आणि एक कोरी काच घेऊन तो जिना चढला.

चौथ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या वळणावर एक काचेची खिडकी होती. तिथून हॉल खाली पसरलेला दिसे. लिंबाजीने हे दृश्य आधी हजारदा पाहिलं होतं, फक्त कांद्याच्या पापुद्र्यात. लांबट चौकोनी कप्पे, विटांसारखे एकाआड एक रचलेले, मध्ये पातळ भिंती, आणि प्रत्येक कप्प्यात एक काळं डोकं. पानं एकदम उलटत होती. चाळीस पानं, एकच आवाज.

त्याने आधारासाठी भिंतीला हात लावला. आत एसी चालू होता. भिंत कोमट होती.

अंगासारखी.

धप्प, धप्प होत होतं. टँकर आज आलाच नव्हता, हे त्याला आठवलं.

तो उतरून हॉलमध्ये शिरला. आत गंजक्या लोखंडाचा वास होता. त्याने हळूच हाक मारली. “लुंबिनी. ए बाई.”

तिसऱ्या रांगेतलं दार उघडलं. ती बाहेर आली. केस विंचरलेले, हात स्वच्छ. पेन्सिल दातांत नव्हती.

“चल खाली. पाच मिनिटं.”

तिने का म्हणून विचारलं नाही.

लॅबमध्ये तिने तोंड उघडलं. या वेळी लिंबाजीने स्वतःचा डावा हात पाठीमागे धरून ठेवला आणि उजव्या हातातल्या काडीवरून नजर हलू दिली नाही. काडी तिच्याच गालाला लागली. काच. थेंब. कव्हरस्लिप.

त्याने चक्री फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली.

उजेड. एकेका पेशीत, मधोमध, झाडून ठेवलेला उजेड.

“लुंबिनी,” तो म्हणाला. “घरी चल. ही परीक्षा ऱ्हाऊ दे. आजी पापुद्रा काढून ठिवती, बघ. चल माय.”

तिने त्याला नम्रपणे बाजूला केलं आणि भिंगाला डोळा लावला. अर्धा मिनिट ती पाहत होती. मग सरळ उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, बरोबर उत्तर आल्यावर असतं तेवढंच.

“केंद्रकविरहित पेशी,” ती म्हणाली. “कार्य वहन. आयुर्मान एकशे वीस दिवस. चार मार्कांचा प्रश्न आहे, सर.”

तिने काच उचलली, नळाखाली धरली, धुऊन पुसून जागेवर ठेवली. वर घंटा झाली. ती जिना चढून गेली, आणि चौथ्या मजल्यावरची कडी लागल्याचा आवाज आला. आतून.