पुरे म्हटल्यावर

उमरठच्या वरच्या वाडीत आवडीच्या हातचं जेवलेला कुणीही सांगेल, तिच्यापुढे "पुरे" म्हणण्यात काही अर्थ नव्हता. पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा, ती गोड आवाजात "हो, हो" म्हणायची आणि त्याच्या बोटांच्या फटीतून भात वाढायची. लोक हसायचे, कुरकुरायचे आणि पुन्हा तिच्याच घरी जेवायला यायचे. तिला जाऊन हा दुसरा पावसाळा.

तिचा नवरा महिपत डोळ्यांनी अधू. जेवायची वेळ कळावी म्हणून मुलगी सारिकानं, आई होती तेव्हाच, एक छोटी डबी बनवली होती. दुपार झाली की डबीतून आवडीची हाक यायची, "जेवायला चला. भात निवतोय." एवढंच रेकॉर्ड केलेलं. ती गेल्यावरही म्हातारा त्याच हाकेवर पाटावर बसत होता. यंदा ओलीनं डबी बंद पडली आणि त्याची अन्नावरची वासनाच उडाली. शेजारच्या ललितानं फोन केला, "बाबा नुसता चहावर हाय गो. लवकर ये."

सारिका मुंबईहून लॅपटॉप घेऊन धावत आली. डबीतलं कार्ड शाबूत होतं, पण आईचा आवाज प्रोग्रामच्या पोटात असा आवळून बसवलेला, की प्रोग्राम चालल्याशिवाय तो सुटणार नव्हता. डबीचा प्रोसेसर वेगळा, लॅपटॉपचा वेगळा. म्हणून तिनं मध्ये एम्युलेटर बसवला. दोघांमधला दुभाष्याच म्हणा ना. पण "जेवा..." एवढंच उमटायचं आणि सगळं बंद. मेमरी संपली म्हणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग अंगणात उतरले. वीज गेली. घरात ओल्या लाकडांचा धूर कोंडला. सारिकानं दोन ताटं मांडली आणि बापाला वाढलं. महिपत "पुरे" म्हणाला, तशी ती थांबली.

"थांबलीस?" म्हातारा हिरमुसला. "पुरे म्हनलं म्हनून कोन थांबतं गो बाय? तुझी आय थांबली असती?"

सारिका हसली आणि हसता हसता लॅपटॉपकडे वळली. कालपासून तिनं हेच तर केलं होतं. डबी लहान, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच सांगायचा, मला एवढीच मेमरी पुरे. एम्युलेटर ते खरं मानून लॅपटॉपकडून तेवढीच घ्यायचा. पण त्याच घासात एम्युलेटरला स्वतःलाही जेवायचं होतं. पाहुण्याच्या तोंडी काही पडण्याआधीच ताट रिकामं! तिनं टोपावर झाकण घालून भात बाजूला सारला आणि एम्युलेटरच्या दोन ओळी बदलल्या. पाहुणा पुरे म्हणाला, की नुसतं "हो" म्हणायचं. मर्यादा लावायची नाही. मग तिनं प्रोग्राम चालवला.

"जेवायला चला. भात निवतोय."

"आलो गो..." महिपतचे डोळे वाहू लागले. तो भराभर जेवू लागला. त्याला जेवताना बघून सारिकाचाही बांध फुटला.

थोड्या वेळानं तो सवयीनं म्हणाला, "पुरे."

"हो, हो," लॅपटॉपमधून आवडी म्हणाली.

सारिकानं चमकून पडद्याकडे पाहिलं. हे कधी रेकॉर्ड केलंच नव्हतं. पडद्यावर मेमरीचा आकडा चढत होता, थांबत नव्हता. तिनं घाईघाईनं प्रोग्राम बंद केला आणि लॅपटॉप मिटला. मग तिला गरम भाताचा वास आला.

महिपतच्या ताटात वाफाळता भात होता.

"बाबा... हा कुणी वाढला?"

"तूच ना गो? आयसारखा वाढलास आज." तो समाधानानं कालवत होता. "आता तू पन बस."

टोपावरचं झाकण तसंच होतं. पळी तिच्यापाशीच, कोरडी पडलेली.

"मला नको, बाबा..." ती कुजबुजली. "मला पुरे..."

मागं चुलीजवळच्या अंधारात कुणीतरी मायेनं हसलं.

"हो, हो..."

आणि सारिकाच्या रिकाम्या ताटात पळी वाजली.