शेजारची कुपी

दुपारीच दिवे लावावे लागावेत असे हिवाळ्याचे दिवस. डुलुथमधल्या रुग्णालयाच्या तळघरात मार्लिस जंतूंची काचेची ताटली उजेडात धरून पाहत होती. वरच्या वॉर्डातल्या टेसचा हॉकी खेळताना मोडलेला गुडघा शस्त्रक्रियेनंतर चिघळला होता. ताटलीत औषधाच्या प्रत्येक चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसायला हवं होतं. एकही नव्हतं. जंतू थेट चकत्यांना भिडले होते.

असं तिनं एकदाच पाहिलं होतं. नवरा गेला तेव्हा.

आर्व्हिडच्या जंतूंनी शेवटच्या औषधाला न जुमानण्याचं जनुक जखमेतल्याच शेजारच्या जंतूंकडून उचललं होतं. ते जंतू तिनं गोठवून ठेवले होते. नवं औषध आलं की त्यांच्यावर तपासायचं, हा तिचा नेम. यंदा प्रथमच एक लागू पडलं होतं.

"नवऱ्याला अजून किती वर्षं बर्फात ठेवणार गं?" तिचा सहकारी ड्वेन नेहमी चिडवायचा. आज तो संगणकाच्या पडद्यावरून नजर काढत नव्हता.

"काय रे?"

"टेसच्या आणि... आर्व्हिडच्या जंतूंची जनुकं जुळवली. एका अक्षराचाही फरक नाही."

"तेव्हाच माझ्या हातून वॉर्डात पसरले असतील..."

"तरी इतक्या वर्षांत बदलले असते. जिवंत जंतू असे राहतच नाहीत, मार्लिस. हे जणू आत्ताच बर्फातून निघालेत..."

तिनं वॉर्डला फोन लावला. "टेसला नवं औषध द्या. या जंतूंवर ते चालतं."

"चला, सुटलो! तिच्या आईला सांगते," नर्स म्हणाली.

संध्याकाळी मार्लिसनं शीतकपाट उघडलं. थंड वाफ अंगावर आली. पेटीतल्या सगळ्या कुप्यांवर हिम साचलं होतं. आर्व्हिडची तेवढी स्वच्छ, ओलसर. तिनं ती उचलली. हातमोज्यातूनही ऊब लागली, नुकतीच कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखी.

मागे फोन वाजला.

"वॉर्ड आहे," ड्वेन हलकेच म्हणाला. "औषध चढतंय, पण ताप वाढतोच आहे म्हणे... मार्लिस?"

ती शेजारच्या कुपीकडे पाहत होती. तिच्यात दुसऱ्या एका रोग्याचे जंतू होते, नव्या औषधाला दाद न देणारे. दोन्ही एकाच तपासणीतल्या, म्हणून तिनंच त्या शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही झाकणं घट्ट होती.

त्या दुसऱ्या कुपीवरचं हिम एकाच बाजूनं वितळलं होतं. आर्व्हिडच्या बाजूनं.