वेदीवरचा आवाज

घशाच्या वॉर्डात मी आयुष्यभर नर्स होते. स्वरयंत्र काढलेला माणूस बोलत नाही. ओठ हलतात, गळ्याच्या भोकातून वारा येतो-जातो, बस्स. हे मला कुणी शिकवायला नको.

माझ्या धाकट्या भावाचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा तो इथल्या चर्चचा फादर होता. त्याच्या दीक्षेच्या दिवशी बिशप म्हणाले होते, ख्रिस्त सदासर्वकाळचा याजक आणि आता हाही त्यातच सामील. आईनं रडत रडत त्याच्या तळहातांचे मुके घेतले होते. सदासर्वकाळचा! गळ्यातली गाठ मात्र चारचौघांसारखीच निघाली.

मी त्याच्याकडे राहायला गेले. तो ओठ हलवायचा, मी वाचायचे.

एका रविवारी तो हट्टानं चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारची उपासना चालवायला निघाला.

"अरे, तिथं जाऊन काय करणार? नुसतं तोंड हलवणार?"

ऐकतोय कुठला! प्रार्थना ऑर्गनवाल्या बाईंनी वाचल्या. मग त्यानं भाकर वर धरली आणि तिच्यावर म्हणायचे ख्रिस्ताचे शब्द, ‘हे माझं शरीर आहे’, स्पष्ट ऐकू आले. भरदार, जरा सावकाश. इतकी वर्षं वेदीवरून ऐकलेला त्याचा आवाज.

मी पहिल्याच बाकावर होते. त्याच्या गळ्याच्या भोकावरची पातळ जाळी हलत नव्हती. त्यानं श्वास रोखून धरला होता.

बाकीच्यांच्या माना नेहमीसारख्या खाली होत्या. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "ऑपरेशन छान झालं हं फादरांचं."

घरी आल्यावर मी त्याचा हात धरला. "मला एकदा ताई म्हण."

ओठ हलले. नुसता वारा.

"मग तिथं कसा बोललास?"

मी ओठ वाचले. ‘तो मी नव्हतो.’ थोड्या वेळानं पुन्हा हलले. ‘कधीच नव्हतो.’

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. इतका अपमान झालेला माणूस मी वॉर्डातही पाहिला नव्हता. तो पुन्हा वेदीपाशी गेला नाही. महिनाभरात संपला.

दफनाला सगळे आले. प्रत्येकानं मूठभर माती टाकली. ऑर्गनवाल्या बाईंना तर दोघींनी धरून न्यावं लागलं.

नवा फादर अजून यायचा होता. रविवारी लोक नुसत्या प्रार्थनेला जमले. बाईंनी सवयीनं वेदीवर भाकर आणि पेला मांडला होता. सगळ्यांनी गुडघे टेकले, माना खाली घातल्या.

मी घातली नाही.

वेदीपाशी कुणी नव्हतं.

आवाज आला. भरदार, जरा सावकाश.

लोकांनी एकसुरात उत्तर दिलं.

बाहेर पायरीवर बाईंनी माझा हात हातात घेतला.

"आज फादर अगदी ठणठणीत वाटले," त्या म्हणाल्या. "तुम्हीही फार केलंत हो त्यांचं."

त्यांच्या बाहीवर शोकाची काळी फीत होती. बोलता बोलता त्यांनी ती नीट केली.