तिसरी टिचकी

आमच्या प्रयोगशाळेतला प्रीॲम्प्लिफायर जाडजूड पुस्तकाएवढा आहे. अगदी क्षीण व्होल्टेज तो हजारपट करून दाखवतो. किती पट आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, ते कॉम्प्युटरवरून ठरवायचं. इनपुटला धातूची टोपी लावली की बाहेरचं काही आत शिरत नाही. पडद्यावर त्याची स्वतःची बारीक खरखर तेवढी उरते. रोज सकाळी मी आधी ती बघते, मग चहा.

हे मला भाऊसोंनी शिकवलं. वीस वर्षं लॅब असिस्टंट, रोज बिद्रीहून मोटारसायकलवर कोल्हापूर गाठणारा माणूस. तपासायचा नमुना ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून ते वायर जोडत आणि डब्यावर नखाने दोन टिचक्या मारत. पडद्यावर दोन टोकं उठली की जोड पक्का. मग हात बाहेर काढून तिसरी. तिसरी म्हणजे, करा मॅडम सप्लाय चालू. सप्लाय हजार व्होल्टचा.

जूनमध्ये मी तिसरीची वाट पाहिली नाही. पीएच.डी.ची मुदत संपत आली होती, घाई होती, बस्स. मी स्विच दाबला तेव्हा त्यांचा हात आतच होता. चौकशीत माझ्या गाइडनी, विजयसिंह सरांनी, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं आणि मी खाली सही ठोकली.

भाऊसोंच्या पत्नी शेवंताबाई त्यांचा जेवणाचा डबा न्यायला आल्या.

“तिसरी मारली व्हती न्हवं त्यांनी?” त्यांनी विचारलं. “घरात बी मीटरला हात लावला की तसंच करायचे.”

“हो,” मी म्हणाले. “मारली होती.”

“मग त्यांचंच चुकलं की.” डबा पिशवीत घालून त्या गेल्या. मला स्वतःची किळस आली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात, इनपुटला टोपी असताना, पडद्यावर दोन टोकं उठली. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मी केबल बदलली, पंखे बंद केले, मोबाइल बाहेर ठेवले. गेन, म्हणजे किती पट ते, हजारावरून दहावर आणला. खरखर सपाट झाली, टोकं तेवढीच उंच राहिली.

दोनच. तिसरं कधीच नाही. मी दुपारभर त्याची वाट बघत बसायचे. त्या दिवशी दोन सेकंद थांबले नव्हते.

सरांनी आलेख पाहिला. “जोड सैल असेल. शुक्रवारी शेवटचं रीडिंग, नाहीतर पीएच.डी. विसर. तू जोड बघ, स्विचवर मी थांबतो.” भाऊसोंची जागा अजून भरली नव्हती.

शुक्रवारी मी डब्यापाशी उभी राहिले. मध्ये कपाटाएवढा रॅक. पलीकडे सर, मला न दिसणारे.

“सर, तिसरीनंतरच हं.”

“माहीत आहे गं.”

उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. वायर बसवली. डाव्या हाताने टिचकी मारली. मग दुसरी.

स्क्रू घट्ट करायचा राहिला होता.

चुकून लागायला नको म्हणून मी डावा हात पाठीमागे घेतला.

डब्यावर टिचकी वाजली.

“हां, करतो चालू,” सर म्हणाले.