रेनिंगचा मनोरा

मुलांनो, अशी कल्पना करा, की खोलीत एकच दिवा आहे आणि तुम्ही भिंतीवर हाताची सावली पाडली आहे. हात दिव्याजवळ नेला की सावली मोठी होते. बोटं जाड दिसतात, आणि दोन बोटांमधली फटही रुंद दिसते. मग फट खरोखर रुंद आहे की नुसती दिसते, हे कसं ओळखायचं? फटीला बोटाच्या जाडीने भागायचं. सावली लहान असो की मोठी, उत्तर तेच येतं.

मानेचा एक्स-रे म्हणजे अशीच सावली. बोटाच्या जागी मणका, फटीच्या जागी त्याच्यामागची नळी, जिच्यातून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूची दोरी, खाली उतरते. बाली बेटावरच्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी हयातभर याच सावल्या काढल्या आणि मोजल्या. भागाकाराने मला कधी चकवलं नव्हतं.

त्या वर्षी डॉक्टर अस्तिनींनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या निरोगी बायकांच्या माना मोजायला घेतल्या होत्या. एक फोटो रिकाम्या डोक्याने, एक ओझं घेऊन. रेनिंग बाजारात फळं विकायची. तिला ना दुखणं, ना हाताला मुंग्या. ओझं म्हणून तिने आपल्या मेलेल्या आईची चुंबळ आणि घरचा गेबोगान, म्हणजे देवाला वाहायचा फळांचा उंच मनोराच आणला होता. सोबत नणंद होती आणि तिची छोटी मुलगी सेकार. आई बाकावर बसली, की ही पोर मागे उभी राहून तिची मान चेपायची. आधी डावीकडे, सांधा कट् करून मोकळा होईपर्यंत, मग उजवीकडे.

रिकाम्या डोक्याचा फोटो डॉक्टरांनी दोनदा मोजला. नळी मणक्याच्या मानाने फारच अरुंद होती. एखादा हिसका बसला तर हातपाय कायमचे जातील, म्हणाल्या. आता डोक्यावर टोपलीसुद्धा घ्यायची नाही.

रेनिंगचा चेहरा उतरला. सेकार तापाने फणफणली होती तेव्हा तिने नवस बोलला होता, की पोर वाचली तर देवळाच्या उत्सवात मनोरा स्वतः डोक्यावरून वर नेईन. पूर्वी तिची आई न्यायची तसा. उत्सव तोंडावर आला होता.

"दे मला," नणंद म्हणाली. "तुझी मान म्हणजे पपईचा देठ. देवापुढे फळं सांडलीस, तर नाव आमचं जाईल."

"नवस माझा, म्बोक. डोकं तुझं कसं चालेल?" रेनिंग तिला म्बोक, म्हणजे ताई, म्हणायची.

मी दुसरा फोटो उजेडाच्या काचेवर लावला. ओझ्याखालचा. त्यात नळी चांगली ऐसपैस होती.

"पाक, वय झालं तुमचं," डॉक्टर मला म्हणाल्या. पाक म्हणजे आमच्याकडे काका. "दुसऱ्याच कुणाची मान लावलीत."

मलाही तसंच वाटलं. म्हणून तिच्या नावाची, फोटोत उमटणारी शिशाची अक्षरं चिकटवून मी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर स्वतः मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना, न टेकवता, हात धरून उभ्या राहिल्या. पुन्हा तेच. सावली मोठी झाली असती, तर मणकाही वाढला असता. मणका तेवढाच होता. फक्त मणके एकमेकांवर टेकलेले नव्हते. कुणी डोकं वरून अलगद उचलून धरावं, तसे ते सुटे झाले होते.

मी तिला आधी रिकाम्या डोक्याने, मग ओझ्यासकट वजनाच्या काट्यावर उभं केलं. रिकाम्या डोक्याने काटा जिथे थांबला होता, तिथेच थांबला. मग मनोरा उतरवून एकटाच काट्यावर ठेवला. काटा खाडकन पुढे गेला.

खोलीत खोबरेल तेलाचा वास येत होता. रेनिंगचे केस कोरडे होते. "आई लावायची," ती म्हणाली.

"जड वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर असताना नाही. उतरवताना वाटतं."

डॉक्टरांनी चुंबळ उचलून तिच्या हातात दिली. म्हणाल्या, "ने. मी मागून चालेन."

उत्सवाच्या सकाळी झांजा आणि ढोल वाजत होते. रेनिंग पुढे, मागे डॉक्टर, त्यांच्यामागे मी आणि सेकार. देवळाच्या पायऱ्या दवाने ओल्या होत्या. नणंद वरच्या दारात वाटेकडे डोळे लावून उभी होती.

अर्ध्यावर एक दगड निखळला.

रेनिंग गुडघ्यावर आली.

मनोरा आला नाही.

तो तिच्या डोक्यापासून हातभर वर, जिथे होता तिथेच उभा राहिला. एक संत्रंसुद्धा हललं नाही.

रेनिंग उठली, त्याच्याखाली शिरली आणि चालू लागली.

सगळ्यात मोठ्याने जयघोष केला तो नणंदेने. माणसं रडली, हसली, फुलं उधळली. मनोरा देवापुढे उतरला आणि रेनिंग धापा टाकत, हसत खालच्या पायरीवर बसली. नवस फिटला होता. डॉक्टरांनी तिची बोटं एकेक दाबून पाहिली. सगळ्यांत जाण शाबूत होती.

सेकार आईच्या मागे गेली. मला वाटलं, आता मान चेपेल. पण तिने आईला हात लावला नाही. आईच्या वरच्या पायरीवर कुणी बसलेलं असतं, तर त्याची मान जिथे आली असती, तिथे तिने बोटं नेली. डावीकडून ती हवा चेपू लागली.

वाजंत्री थांबली होती. 'कट्' असा आवाज मी ऐकला. डॉक्टरांनीही ऐकला.

सेकार समाधानाने हसली, आणि उजवी बाजू चेपायला लागली.